बाळंतिणीच्या खोलीची कनात

आमचं घर डोंगराच्या पोटाला होतं आणि थंडी त्यात उत्तरेच्या कुडातून यायची. कुड म्हणजे कारवीच्या काड्या उभ्या बांधून त्यांवर शेणमाती लिंपलेली भिंत. पावसाळाभर तिच्यावर झड बसायची, माती ओघळून जायची आणि दिवाळीपर्यंत काड्या बरगड्यांसारख्या उघड्या पडायच्या. बाकी तीन बाजूंना काही ना काही आडोसा होता. पश्चिमेला गोठा, पूर्वेला चुलत्यांचं घर, समोर पडवी. उत्तरेला मात्र नुसता उतार आणि खाली नदी. नदीवरून निघालेला गारठा वाटेत कुठे न थांबता थेट आमच्या आतल्या खोलीत यायचा. घोडेगावच्या बाजाराहून परतणारी माणसं आमच्या वाडीच्या वळणावर आली की न बोलता उपरणं कानांना गुंडाळायची. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. थंडी बाहेर असते आणि घर उबदार असतं, ही कल्पना मला पुढे पुण्यात आल्यावर समजली.

माझी थोरली बहीण कौसाताई हिचं पहिलं बाळंतपण त्याच आतल्या खोलीत झालं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीतच होती. पौषात मुलगा झाला आणि पाचवी पुजायच्या आधीच गेला. थंडी बाधली, असं सुईण म्हणाली, आणि वाडीतही सगळे तेच म्हणाले. आई काहीच म्हणाली नाही. त्या दिवसापासून ती अबोल झाली असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. ती पहिल्याइतकीच बोलायची आणि दादांवर, म्हणजे आमच्या वडिलांवर, पहिल्याइतकीच ओरडायची. फक्त त्या खोलीत ती पुन्हा आडवी झाली नाही. तिथे भाताची पोती रचली गेली. ताई अंगात बळ आल्यावर सासरी निरगुडसरला गेली. जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही आणि आईनंही तिला तसं करायला लावलं नाही.

पुढच्या वर्षी भातकापणी चालू असताना दाजी आले. दाजी म्हणजे कौसाताईचे मालक. माणूस सज्जन, पण वाक्य पूर्ण करायला त्याला फार त्रास व्हायचा. आईनं त्यांना तांदळाची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली. दोन घास खाऊन ते म्हणाले, “मामी, घरात बरं हाय.”

“बरं असायलाच पायजे,” आई म्हणाली. “भाकरी घ्या.”

“न्हाई, बरं म्हंजी... पौषात.”

आईचा भाकरीचा हात तसाच राहिला. दादांनी ताटातून मान वर काढली. दाजींनी पाण्याचा तांब्या अर्धा रिकामा केला आणि उरलेलं एका दमात सांगून टाकलं, “आई म्हनती यावेळंला तिकडंच करू. ईटंचं घर हाय. गारठा कमी लागतो.”

“माजी लेक हितं यील,” आई म्हणाली.

“आई न्हाई म्हनती.”

“मग तुमच्या आईला म्हनावं, सोता या. घर बघा. पसंत न्हाई पडलं तर न्या तिला माघारी.”

आमच्याकडे मुलगी बघायला माणसं येत. बैल बघायला येत. घर बघायला कुणी आल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. दाजी गेल्यावर दादा पडवीत बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, “काय दाखवनारेस त्यांना?”

“घर.”

“हे?”

“हे,” आई म्हणाली आणि भाताची पोती बाहेर काढायला लागली.

त्या साली भाताला रोगानं धरलं होतं. दादांनी एकच नियम घालून दिला: मीठ आणि रॉकेल सोडून घरात काही इकत यायचं न्हाई. बाकी काय करायचं ते करा. दादांचं बोलणं नेहमी असंच असायचं. त्यांनी परवानगी दिली की नकार, हे कळायला थोडा वेळ जायचा. त्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी कोयता घेतला आणि डोंगरातून कारवीचे भारे आणायला सुरुवात केली. जुन्या काड्यांच्या फटीत नव्या काड्या रोवल्या. आईनं वारुळाची माती, शेण आणि भाताचा तूस एकत्र कालवला आणि मला त्यात उभं केलं. चिखल पायानं मळावा लागतो. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते. परकर गुडघ्यापर्यंत खोचून मी भल्या सकाळी त्या गार रेंद्यात नाचत असायची, आणि शाळेला जाताना माझ्या पोटऱ्यांवर वाळलेली माती तडकत जायची. मास्तरांनी एकदा विचारलं, हे काय? मी म्हटलं, भिंत.

कुडाला आतून-बाहेरून लिंपण झालं. वाळल्यावर ते तडकलं. पुन्हा लिंपलं. कौलं आणि भिंत यांच्यामधल्या पोकळीत दादांनी पेंढा ठासला. मग त्यांनी वर्षाच्या गवताची गंजी नेहमीच्या जागी न रचता उत्तरेच्या कुडाला बाहेरून टेकवून रचली, पार वळचणीपर्यंत. म्हशीला खायला आणि भिंतीला पांघरायला एकच गवत. अडचण एवढीच होती की म्हैस जसजशी खाईल तसतशी भिंत उघडी पडणार. दादांनी विचार करून ठरवलं की म्हशीनं जरा कमी खावं. ती तेवढंच खाते ना, हे बघायचं काम माझ्याकडे आलं. तीच म्हैस, चंद्री, गोठ्याच्या लांबच्या दावणीवरून काढून खोलीच्या भिंतीला लागून बांधली, कारण जनावराच्या अंगाची ऊब भिंतीत उतरते असं दादांचं म्हणणं होतं. चंद्रीला जागा आवडली नाही. ती दिवसभर शिंगं भिंतीला घासून आम्ही केलेलं लिंपण काढायची आणि मी ते संध्याकाळी पुन्हा लावायची.

गोधड्यांना जुनं कापड लागतं आणि आमच्याकडे जुनं झालेलं सगळंच अजून अंगावर होतं. आई वाडीतल्या घरोघर गेली. मीही तिच्याबरोबर होते. कशासाठी पाहिजे असं एकाही बाईनं विचारलं नाही. मागच्या पौषाचं नाव कुणी काढलं नाही. ज्यांच्याकडे एक नेसूचं आणि एक बदलायचं एवढंच लुगडं होतं, त्यांनीही बदलायच्या लुगड्याचा जीर्ण पदर टरकन फाडून आमच्या हातात ठेवला. घरी येताना आई माझ्यापुढे चालत होती, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. मग आम्ही मायलेकी पडवीत बसून टाके घालत राहिलो. आई धावदोरा घालताना गप्प असायची. माझा टाका लांब पडला की मात्र लगेच म्हणायची, “ह्यातून हत्ती जाईल. उसव.”

एवढं करूनही खोलीत पहाटे झुळूक यायची. कुठून, ते सापडेना. दादा एक दिवस पायलीभर आंबेमोहर धडप्यात बांधून सकाळच्या एसटीनं गेले आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर भलं मोठं गाठोडं घेऊन आले. अंगणात त्यांनी ते सोडलं. जाडजूड तांबड्या-निळ्या पट्ट्यांचं कापड होतं, अंगणभर पसरलं तरी उरलं. नारायणगावला तमाशाचे फड हंगामाला निघायच्या तयारीत होते, आणि एका फडाची जुनी कनात दादांनी तांदळावर उचलली होती.

आईनं कापडाभोवती एक चक्कर मारली. “ह्याच्या आत बाया नाचल्यात,” ती म्हणाली.

“भाईर नाचत न्हाईत,” दादा म्हणाले. “म्हनून तर कनात असती.”

त्यानंतर आई दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. दादांना ते कळायलाही बराच उशीर लागला. पण दुसऱ्या दिवशी ती कनात नदीवर गेली. आईनं ती खडकावर जरुरीपेक्षा जास्त आपटली. बत्त्यांची काजळी गेली, रंग मात्र जराही उतरला नाही. एका कडेला फडाचं नाव मोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. ती बाजू आईनं भिंतीकडे केली आणि खोलीला चारही बाजूंनी, वाशापासून जमिनीपर्यंत, कनात लावली. तिथे उभं राहिलं की आता कुणीतरी ढोलकीवर थाप मारील असं वाटायचं. झुळूक मात्र थांबली.

मार्गशीर्षात ताईला घेऊन विहीणबाई आल्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, आवाज शेतात हाक मारायला घडवलेला. पोटुशी सून हाताशी असताना त्या एसटीच्या थांब्यापासून डोंगराची वाट सावकाश चढल्या, पण अंगणात आल्यावर बसल्या नाहीत. चूळ भरली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “ईनबाई, दावा घर.” ताई पडवीतच थांबली. तिचा एक हात सारखा पोटावर होता, जणू काढला तर कुणीतरी नेईल.

विहीणबाईंनी आत जाऊन पेटती चिमणी मागितली. ती भिंतीच्या कडेकडेनं, वर, खाली, कोपऱ्यात धरून त्या वात हलते का बघत फिरल्या. आम्ही तिघं उंबऱ्यात उभे होतो. वात हलली नाही. त्यांनी बाजेवरचा पेंढा दाबून पाहिला, गोधडी उलटी करून टाके पाहिले. मला वाटलं आता हत्ती सापडणार. पण त्यांनी गोधडी तशीच खाली ठेवली. मग त्यांची नजर कापडावर स्थिर झाली. त्यांनी पट्टे बोटांनी चाचपले, कडेची दोरी ओवायची भोकं पाहिली.

“ही कुठली?”

“जुनं कापड हाय,” आई म्हणाली.

“ही कनात हाय. तमाशाची.”

दादा कौलांकडे बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, मी नंतर पाहिलं.

“आमच्या मालकांचं निम्मं आयुष्य असल्या कनातीच्या आत गेलं,” विहीणबाई म्हणाल्या. “आत काय असतं ते मला लोकांनी लई सांगितलं. आत उबारा असतो, हे कुनी सांगितलं न्हाई.”

संध्याकाळी मासवड्यांचं जेवण झालं. आईनं ते दोन दिवस मनाशी घोळवलेलं होतं. विहीणबाईंनी पोटभर खाल्लं आणि रस्सा पातळ झाल्याचं सांगितलं. आईनं ते ऐकून घेतलं. आईनं असं काही ऐकून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्यावरून गोष्ट किती गंभीर आहे हे मला कळलं. विहीणबाई त्याच खोलीत ताईजवळ झोपल्या. भिंतीपलीकडे चंद्री रवंथ करत होती.

सकाळी त्या चुलीपाशी येऊन बसल्या. आईनं हुलग्याचं माडगं पुढे केलं. ते पिऊन, वाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, “झोप लागली मला. घरात गारठा न्हाई. आमच्या ईटंच्या घरापरीस बरं हाय.” आईचा चेहरा उजळायच्या बेतात होता, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, “पन कौसाला मी घेऊन जानार.”

“घर पसंत हाय म्हनला ना?”

“घर पसंत हाय. मला भ्या तुमचं वाटतं, ईनबाई. देव न करो, पन पुन्हा काय झालं, तर हिला मी सांभाळीन. तुमाला कोन सांभाळील?”

वर्षभरात आईला हे कुणी विचारलं नव्हतं. दादांनी नाही, वाडीनं नाही, मी तर नाहीच. आई वाकून फुंकणीनं चूल फुंकायला लागली. चूल चांगली पेटलेली होती. दादा दारात आले होते ते तसेच मागे सरकले.

ताई भिंतीला धरून उठली. आल्यापासून ती फारसं बोलली नव्हती. सासूसमोर ती एरवीही बोलायची नाही. “मी न्हाई यायची,” ती म्हणाली. “माजं पयलं हितं गेलं. मोकळ्या हातानं गेले मी हितनं. ह्या टायमाला हितनंच घिऊन जाईन.”

विहीणबाईंनी सुनेकडे वळून पाहिलं. मला वाटलं आता भांडण होणार, म्हणून मी माडग्याची वाटी उचलून बाजूला ठेवली. पण त्यांनी आपलं बोचकं जवळ ओढलं, त्यातलं दुसरं लुगडं काढलं आणि माझ्याकडे टाकलं. “जा, हे धुऊन वाळत घाल. काल वाटंत मळलंय. मीबी न्हाई जायची.”

अशा रीतीनं त्या राहिल्या आणि आमच्या घरात दोन मालकिणी झाल्या. मीठ कुणी घालायचं यावर वाद, अळिवाच्या लाडवात गूळ किती यावर वाद, शेगडीतले निखारे बाजेच्या डोक्याकडे की पायाकडे यावर वाद. निरगुडसरला सगळं वेगळं आणि चांगलं होतं. दादा घरापेक्षा गोठ्यात जास्त दिसायला लागले. आणखी एक अडचण झाली. विहीणबाईंना उपाशी जनावर बघवायचं नाही. चंद्रीचा ठरलेला चारा त्यांना अपमान वाटला आणि त्या गंजीतून कवळेच्या कवळे उपसून तिच्यापुढे टाकायला लागल्या. म्हैस सुखावली, भिंत उघडी पडली. दादांना विहिणीला सांगता येईना. शेवटी मीच सांगितलं की ते गवत म्हणजे भिंत आहे. विहीणबाई विळा घेऊन बांधावर गेल्या आणि वाळलेलं गवत कापून त्यांनी स्वतः ती गंजी पुन्हा वळचणीपर्यंत चढवली. आई खालून पेंढ्या देत होती. तेव्हाही, पेंढीचं तोंड कुठे करायचं यावर वाद चाललाच होता.

ताईच्या पोटात दुखायला लागलं ते पौषातल्या एका सकाळी. उजाडताना अंगणातल्या गवतावर दहिवर पांढरं पडलं होतं. मी पळत जाऊन हौसाबाईला, सुईणीला, बोलावून आणलं. दादा लाकडं फोडत बसले. ती आधीच फोडलेली होती, म्हणून ते फोडलेल्यांचे तुकडे करत बसले. मला आत सोडलं नाही, पण पाणी तापवायचं काम दिलं होतं, त्यामुळे मी उंबऱ्यापर्यंत जाऊ शकत होते. बाळ झालं तेव्हा मला रडणं ऐकू आलं नाही. मांजरीच्या पिलाचा असतो तसा एक बारीक आवाज आला आणि थांबला.

“पोरगी हाय. अंगानं बारीक हाय,” हौसाबाई म्हणाली. “पानी आन गं, आंगूळ घालते.”

मी घंगाळ उचललं. तेवढ्यात आई म्हणाली, “नको.”

“अगं, आंगुळीबगर कसं—”

“आंगूळ न्हाई. पुसून द्या.”

आईचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. हौसाबाईनं विहीणबाईंकडे पाहिलं. नात त्यांच्या घरची, शब्द त्यांचा. मी घंगाळ धरून तशीच उभी. विहीणबाईंनी आईकडे पाहिलं, आणि आयुष्यात एखाद वेळी होतं तसं, त्यांनी वाद घातला नाही. “पुसा म्हनल्यात ना? पुसा,” त्या म्हणाल्या आणि खांद्यावरचं मऊ फडकं हौसाबाईच्या हातात दिलं.

बाळ पुसलं. ताईच्या हातापायाला कापरं भरलं होतं, तिला बाळ धरवेना. आईनं चोळीची गाठ सोडली, ते एवढंसं निळसर अंग आपल्या उघड्या छातीला लावलं आणि वरून गोधडी लपेटून बाजेच्या कडेला बसली. हात अवघडले की विहीणबाई स्वतःची चोळी सोडून तयार असायच्या. न बोलता बाळ इकडून तिकडे जायचं, गोधडी जायची, आणि पहिली दुसरीला जागा करून द्यायची. ताई बाजेवरून विचारायची, “हाय का?” दोघींपैकी जिच्या छातीशी बाळ असेल ती म्हणायची, “हाय.” थोड्या वेळानं पुन्हा, “हाय का?” “हाय.” मी उंबऱ्यात बसून होते. पाणी निवत होतं, पण ते पुन्हा तापवायचं मला सुचलं नाही. कधीतरी, बाहेर ऊन चांगलं वर आल्यावर, विहीणबाईंच्या गोधडीतून जोराचं रडणं आलं. इतकं की पलीकडे चंद्रीही ओरडली. अंगणातला कुऱ्हाडीचा आवाज थांबला. “भूक लागली हिला,” विहीणबाई म्हणाल्या. मग बाळ ताईच्या अंगाला लावलं आणि ते प्यायला लागलं.

ती मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. मंचरला तिचं मोठं घर आहे, आणि उकडतं म्हणून ती जानेवारीतही पंखा लावून झोपते. मी तिच्याकडे राहायला गेले की स्वेटर घेऊन जाते. तिला ही हकीकत मी दोनदा सांगितली. दोन्ही वेळा तिनं विचारलं, “तमाशाची कनात? खरंच?” बाकीच्याबद्दल तिनं काही विचारलं नाही आणि मीही ताणलं नाही.

पाचवी पुजली. सगळ्यांनी भराभरा हात जोडले, जणू रेंगाळलं तर बिनसेल. त्यानंतरच्या एका सकाळी आई अंगणात उन्हाला बसली होती. बाळ तिच्या मांडीवर. ताई आत झोपली होती. विहीणबाई समोर बसून लसूण सोलत होत्या आणि मी त्यांना पाकळ्या मोकळ्या करून देत होते. आई बाळाकडे बघतच बोलली.

“गेल्या खेपंला मीच म्हनले व्हते. हौसाबाई जरा थांबू म्हनत व्हती, गारठा हाय म्हनून. मीच म्हनले, आंगूळ घाला. जलमलेलं लेकरू तसंच कसं ठिवायचं.”

दादांनाही तिनं हे कधी सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हाच्या तेव्हा कळलं. विहीणबाईंनी हातातला लसूण पुरा सोलला, टोपलीत टाकला.

“मीबी तेच म्हनले असते, बाई,” त्या म्हणाल्या.

आई रडायला लागली. पदर तोंडाला लावायचंही तिला भान नव्हतं. विहीणबाई तिला गप्प करायच्या फंदात पडल्या नाहीत. त्यांनी हात पुसले, पुढे होऊन बाळ तेवढं तिच्या मांडीवरून उचललं, कारण आईच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्यावर पडत होतं आणि त्याला भिजू द्यायचं नाही असं ठरलेलं होतं.